आधी भिंत, मग दिवा

वाचकांचे प्रश्न

या महिन्यातली निम्म्याहून अधिक पत्रे दिव्यांबद्दल आहेत. कारण आहे मुंबईतल्या एका संस्थेने जाहीर केलेली गृहसजावटीची स्पर्धा. घरातली एक खोली सजवायची, तिचे फोटो आणि संकल्पना लिहून पाठवायची, आणि त्या खोलीत पारंपरिक पद्धतीने हाताने घडवलेला निदान एक मूरिश शैलीचा दिवा हवा, अशी तिची अट आहे. म्हणून ओल धरणाऱ्या भिंती आणि पडद्यांचे कापड यांवरची पत्रे पुढच्या अंकासाठी ठेवली आहेत. माझे वडील रत्नागिरीत तांबटकाम करत. आमच्या मागच्या पडवीतच त्यांचा भाता आणि ऐरण होती. पत्र्याला भोक पाडणे आणि पत्र्याचे भोक बुजवणे, दोन्ही मी लहानपणापासून बघत आले, त्यामुळे ही पत्रे मी दोनदा वाचली.

ताई, मी इंटिरियर डिझाइनचा कोर्स पूर्ण करून श्रीवर्धनला आजीच्या घरी परत आले आहे. 2020 च्या निसर्ग वादळात घराचे छप्पर गेले होते, ते आता पुन्हा कौलारू करून घेतले. भिंती जांभ्याच्या चिऱ्याच्या आहेत, माजघराला आतून चुन्याचा गिलावा आहे. स्पर्धेसाठी हेच घर सजवायचे ठरवले आहे. पण मूरिश म्हणजे नेमके काय? मोरोक्कन आणि मूरिश एकच का? कोकणातल्या घरात असा दिवा उपरा नाही का वाटणार? मैत्रीण म्हणते, जंजिऱ्याच्या सिद्दींशी संबंध जोडून संकल्पना लिही. – एक वाचक, श्रीवर्धन

मैत्रिणीची सूचना आधी बाजूला ठेव. जंजिऱ्याच्या सिद्दींचे पूर्वज मुख्यतः आफ्रिकेच्या पूर्व बाजूचे, हबसाणाकडचे, म्हणजे आजच्या इथिओपियाच्या बाजूचे. म्हणून तर त्यांना हबशी म्हणत. मूर म्हटले गेलेले लोक त्याच खंडाच्या वायव्य टोकाचे. मध्ये सबंध सहारा पसरलेला आहे. मुरूडचा किल्ला तुझ्या घरापासून जवळ आहे एवढ्यावरून दोघांना एका ओळीत बसवलेस, तर जाणकार परीक्षक तिथेच थांबेल.

मूर हे नाव लॅटिनमधल्या मौरी या शब्दावरून आले. रोमन लोक वायव्य आफ्रिकेतल्या रहिवाशांना तसे म्हणत. 711 मध्ये अरब आणि बर्बर सैन्य समुद्र ओलांडून स्पेनमध्ये उतरले, आणि 1492 मध्ये ग्रॅनाडा पडेपर्यंत त्या देशाच्या कुठल्या ना कुठल्या भागावर मुसलमानी सत्ता होती. या पावणेआठशेहून अधिक वर्षांत बांधकाम, फरशा, लाकूडकाम, धातुकाम यांची जी रीत घडली तिला युरोपने मूरिश म्हटले. ते लोक स्वतःला तसे म्हणवत नसत. गंमत अशी की पोर्तुगीज आपल्या किनाऱ्यावर आले तेव्हा तोच शब्द सोबत घेऊन आले. त्यांच्या कागदपत्रांत इथले मुसलमान व्यापारीही मूर म्हणूनच येतात. तेव्हा संकल्पनेत हा शब्द वापरशील तेव्हा तो कुणी कुणाला दिलेला आहे याचे भान ठेव.

मोरोक्कन दिवा ही याच झाडाची हिरवी राहिलेली फांदी. स्पेनमधून बाहेर पडलेली माणसे मोठ्या संख्येने मोरोक्कोतल्या फेज, तेतुआन अशा शहरांत गेली आणि त्यांच्यासोबत हातातली विद्याही गेली. फेजच्या सफ्फारीन चौकात आजही तांबटांचे ठोके ऐकू येतात. मराकेशमध्ये लोहारांचा आख्खा बाजार आहे, तिथे कंदील घडतात. खुद्द ग्रॅनाडातही पत्रा आणि रंगीत काच जोडून फरोल नावाचे कंदील अजून बनवतात. या तिन्हींपैकी कुठलाही दिवा तुझ्या स्पर्धेत बसेल, फक्त तो कुठला आहे ते लिही.

नाते जोडायचेच असेल तर इब्न बतूता या चौदाव्या शतकातल्या प्रवाशाचे जोड. तो मोरोक्कोतल्या टँजियरचा, जन्म 1304 चा. दिल्लीच्या सुलतानाचा दूत म्हणून चीनला निघाला तेव्हा खंबायतच्या आखातातून जहाजात बसून तो पश्चिम किनाऱ्याने गोव्याकडे आणि पुढे मलबारला गेला. म्हणजे आपल्या किनाऱ्यासमोरून. नंतर मायदेशी परतल्यावर तो ग्रॅनाडालाही जाऊन आला. आणि त्याच्या जन्मानंतर एकाच वर्षाने, 1305 मध्ये, ग्रॅनाडाचा सुलतान तिसरा मुहम्मद याने अल्हाम्ब्रा या तिथल्या राजवाड्याच्या मशिदीसाठी ब्राँझचा एक टांगता दिवा करवून घेतला. तो आता माद्रिदच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहे. वर एकाखाली एक गोल, खाली घंटेसारखी पसरत गेलेली जाळीदार छत्री आणि त्या जाळीतच गुंफलेली अक्षरे. त्याचा फोटो मिळवून समोर ठेव. बाजारातल्या शंभर दिव्यांपेक्षा तो एक जास्त शिकवतो: त्यात धातू किती ठेवला यापेक्षा किती काढला ते बघ.

आता उपरेपणाबद्दल. कौलारू घराला कवडसे नवे नाहीत. दुपारी माजघरात कौलांच्या फटींतून आलेले ते गोल ठिपके जमिनीवरून सरकायचे, आणि आम्ही ते मुठीत धरायला बघायचो. फट वेडीवाकडी असली तरी कवडसा गोलच पडतो हे तू बघितले असशील. तो गोल फटीचा नसतो, सूर्याचा असतो. 26 डिसेंबर 2019 च्या सकाळी ग्रहण होते तेव्हा आमच्या पडवीच्या पांढऱ्या भिंतीवर आंब्याच्या पानांतून पडलेला प्रत्येक कवडसा चंद्रकोरीसारखा झाला होता. शेकडो कोरी, सगळ्या एकाच दिशेला तोंड केलेल्या. शेजारच्या मुलांना मी हाका मारून बोलावले.

तुझ्या दिव्याचे सगळे मर्म यात आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. भोकातून भिंतीवर जे पडते त्यात दोन आकार मिसळलेले असतात: एक भोकाचा, दुसरा उजेडाच्या उगमाचा. उगम बारीक असेल तर भोकाचा आकार जसाच्या तसा मोठा होऊन उमटतो. उगम मोठा असेल तर भोकाचा आकार पुसला जातो. हिशोब करून बघ. बल्बपासून पत्रा 10 सेंटिमीटरवर आहे आणि भिंत 1 मीटरवर, म्हणजे दहापट. पत्र्यातली 5 मिलिमीटरची चांदणी भिंतीवर 5 सेंटिमीटरची होणार. पण आत 6 सेंटिमीटर जाडीचा दुधी बल्ब लावलास, तर त्या चांदणीची कड तब्बल 54 सेंटिमीटर पसरते. शेजारच्या सगळ्या चांदण्या एकमेकींत मिसळतात आणि भिंतीवर नुसता पिवळट उजेड राहतो. महागडे दिवे आणून लोक माझ्याकडे तक्रार करतात की दुकानात नक्षी दिसत होती, घरी दिसत नाही. दिवा तोच असतो, बल्ब बदललेला असतो. जुन्या कारागिरांना हे हिशोब मांडावे लागले नाहीत, कारण त्यांचा उगम म्हणजे बोटाच्या पेराएवढी ज्योत.

तेव्हा दिवा घेण्याआधी एक कर. रात्री माजघरातले सगळे दिवे बंद कर, जुन्या डब्याच्या पत्र्याला खिळ्याने पाचपन्नास भोके पाड, मोबाइलची बॅटरी लावून तो आत ठेव. मोबाइलचा तो ठिपका अगदी लहान असल्यामुळे नक्षी ठसठशीत उमटते. डबा हातात धरून खोलीभर फिर आणि कुठली भिंत बोलते ते बघ.

मी सांगते ती चुन्याची बोलेल. गिलावा गुळगुळीत आणि पांढरा, बारीक रेघही धरून ठेवतो. उघड्या चिऱ्यावर बारीक नक्षी टाकू नकोस. जांभा स्वतःच भोकाभोकांचा, लाल, उजेड पिणारा. त्याच्या खाचाखळग्यांत चांदण्या हरवतात. पडवीत चिऱ्याची भिंत उघडी ठेवली असशील आणि तिथेही दिवा हवाच असेल, तर अंगठ्याएवढ्या भोकांचा, मोकळ्या नक्षीचा घे. तुझी खरी जागा माजघर. आपल्या घरांत माजघर सगळ्यात अंधारे असते, लोक तिथे ट्यूबलाइट लावून तो अंधार घालवतात. तू तो ठेव.

दिवा खोलीच्या मधोमध टांगू नकोस. वर बहुतेक फळ्यांचा माळा असेल, लाकूड धुराने काळे पडलेले असेल, तिकडे गेलेला उजेड वाया जातो. तुळईला कडी लावून चुन्याच्या दोन भिंतींच्या कोपऱ्याकडे सरकव, एक भिंत हातभर अंतरावर आणि दुसरी दोन मीटरवर राहील असा. जवळच्या भिंतीवर नक्षी लहान आणि दाट उमटेल, लांबच्या भिंतीवर तीच मोठी आणि फिकी होत जाईल. एकाच दिव्यात दोन भिंती वेगवेगळ्या होतात. जमीन शेणाने सारवलेली असेल तर तशीच राहू दे, तिच्यावर नक्षी दिसत नाही आणि ते बरे आहे, नजर भिंतीवर टिकते.

नक्षी तू स्वतः काढणार असशील तर आठ टोकांच्या चांदणीपासून सुरुवात कर. एक चौकोन काढ, त्यावर तेवढाच दुसरा चौकोन 45 अंशांत फिरवून ठेव. झाली. अल्हाम्ब्राच्या फरशांपासून फेजच्या दरवाजांपर्यंत ही चांदणी सगळीकडे भेटते. पट्टी आणि कंपास एवढीच हत्यारे. आजीला कागद दाखव. रांगोळीच्या ठिपक्यांवरून तीच आकृती ती तुझ्याआधी काढेल.

फोटो दिवेलागणीला काढ. पूर्ण अंधार पडल्यावर फक्त ठिपके येतात, खोली येत नाही. बाहेर निळा उजेड शिल्लक असेल त्या पंधरावीस मिनिटांत कॅमेरा तिपाईवर ठेवून, घरातले बाकी दिवे बंद करून काढ.

ताई, मी ऑनलाइन एक दिवा मागवला. 'मोरोक्कोतील कारागिरांनी हाताने घडवलेला पितळी दिवा' असे लिहिले होते. साडेसात हजार रुपये दिले. आला तो फारच हलका आहे, आणि सगळी नक्षी छापल्यासारखी एकसारखी. विक्रेता उत्तर देत नाही. हातकाम कसे ओळखायचे? – एक वाचक, चिपळूण

पहिले काम, स्वयंपाकघरातल्या फ्रीजवरचे चुंबक काढून दिव्याला लावा. पितळेला चुंबक चिकटत नाही. चिकटले तर आत लोखंडी पत्रा आहे आणि वर पितळेचा रंग किंवा मुलामा. मोरोक्कोत लोखंडी पत्र्याचेही कंदील होतात, तो काही गुन्हा नाही, पण मग पितळी म्हणून विकू नये.

दुसरे, वजन. आमच्याकडे अशा कामाला 22 गेजचा पत्रा वापरत, म्हणजे साधारण 0.7 मिलिमीटर जाड. पितळेचा एक चौरस फूट तेवढा पत्रा 560 ग्रॅमच्या आसपास भरतो. एक फूट व्यासाच्या गोल दिव्याला तीन चौरस फुटांहून थोडा जास्त पत्रा लागतो. भोकांची वजावट धरली तरी तो दीड किलोच्या आसपास हवा. तुमचा अर्धा किलोही भरत नसेल तर पत्रा फार पातळ आहे. पातळ पत्र्यावर छिन्नी चालत नाही, तो चेपतो.

तिसरे आणि खरे: बोट आत घाला. हाताने केलेल्या कामात पत्र्याखाली राळेची किंवा शिशाची बैठक असते आणि भोक बाहेरून पाडलेले असते. सुंबा किंवा छिन्नी बाहेरून आत जाते तेव्हा धातू आत ढकलला जातो, त्यामुळे आतल्या बाजूला प्रत्येक भोकाभोवती बारीकशी ओठासारखी कड उठते. कारागीर ती कानसेने घासतो, पण हजारातल्या पाचपंचवीस राहतातच. बोटाला खरखर लागते. करवतीने कापलेले काम असेल तर कडेला दातांच्या आडव्या रेघा दिसतात. लेसरने कापलेल्या पत्र्याची कड दोन्ही बाजूंनी सारखी असते आणि कित्येकदा तिच्यावर जळकट छटा असते. आणि ओळी नीट बघा. हाताच्या कामात भोकांची ओळ वळणावर जरा दाटते, पुढे सैल होते. नक्षी फिरत फिरत सुरुवातीला येऊन मिळते तिथे कारागिराला शेवटचे एकदोन आकार थोडे आवळावे लागतात. ती जागा सापडली की माणूस सापडला.

हे काम किती वेळ खाते ते मी सांगू शकते. पितळ ठोकत गेले की कडक होते, पुढे तडकते. म्हणून मध्येच थांबून पत्रा तापवून मऊ करायचा, गार करायचा, पुन्हा बसायचे. हजार भोकांचा दिवा असेल आणि एका भोकाला दोनच ठोके धरले तरी दोन हजार ठोके झाले, आणि एक ठोका चुकला तर भोक पुसता येत नाही.

माझ्या वडिलांचे काम याच्या उलट. गळके हंडे, बंब, घागरी त्यांच्याकडे यायच्या. भोक डोळ्यांना दिसत नसे, तेव्हा ते मागच्या अंधाऱ्या खोलीत हंड्याच्या आत रॉकेलची चिमणी ठेवायचे आणि मला हंड्याभोवती फिरायला सांगायचे. काळ्या पडलेल्या तांब्यावर कुठेतरी टाचणीएवढा ठिपका चमकायचा. मी "इथे!" म्हणून बोट लावायची, ते खडूने खूण करायचे. एकदा एका जुन्या बंबाला अकरा ठिपके निघाले. मी मोजत होते. वडील म्हणाले, हा गेला कामातून. मला तो बंब तसाच, आत चिमणी असलेला, घरात ठेवायचा होता. मोठेपणी मूरिश दिव्यांचे फोटो पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला तो बंब आठवला.

तुमच्या स्पर्धेचे म्हणाल तर हा दिवा पाठवू नका. पैसे परत मिळवण्यासाठी जाहिरातीचा फोटो, बिल आणि चुंबक चिकटलेला फोटो जोडून जिल्हा ग्राहक आयोगाकडे लेखी तक्रार करा. आणि दुसरा घेताना एक गोष्ट मनात धरू नका, की तो समुद्रापलीकडूनच यायला हवा. मुरादाबादचे कारागीर पितळेवर असे जाळीकाम उत्तम करतात, मोरोक्कन म्हणून विकले जाणारे कितीतरी दिवे तिथलेच असतात. तिथला घ्या आणि अर्जावर 'शैली मूरिश, घडण मुरादाबाद' असे स्वच्छ लिहा. अट शैलीची आणि हातकामाची आहे, दोन्ही पूर्ण होतात. ज्याने ठोके मारले त्याच्या गावाचे नाव पुसून दुसऱ्याचे लावणे मला मुळीच पटत नाही.

स. न. वि. वि. आपल्याकडे समई आहे, लामणदिवा आहे, देवळासमोर दीपमाळा आहेत. असे असताना परक्यांच्या दिव्यांच्या स्पर्धा भरवायच्या आणि आपल्या मुलांनी त्यात भाग घ्यायचा, हे आपल्याला योग्य वाटते काय? – एक ज्येष्ठ वाचक, मालवण

आपली कळकळ मला समजते. आमच्या देवघरातला लामणदिवा पणजीच्या हातचा आहे, त्याची साखळी मी दर दसऱ्याला स्वतः पुसते. पण हे दोन दिवे एकमेकांच्या जागी येणारे नाहीत. लामणदिव्याची ज्योत उघडी, ती देवाचे मुख उजळते. जाळीचा दिवा ज्योत झाकतो, वाऱ्यापासून जपतो आणि उजेड कापून भिंतीला देतो. पहिल्यात आपण ज्योतीकडे बघतो, दुसऱ्यात भिंतीकडे.

उजेड कापायची कला आपल्याकडे नाही असेही नाही. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर कलावंत चामड्याच्या बाहुल्यांना बारीक भोके पाडतात, मागे दिवा धरला की पडद्यावर राम-रावणाचे दागिने त्या भोकांतून चमकतात. ती भोके आणि फेजच्या दिव्यावरची भोके मला एकाच घराण्यातली वाटतात. तेलाचेही तसेच. आपल्याकडे उंडीचे कडू तेल दिव्यात जाळत, तिकडे ऑलिव्हचे. मशिदींतल्या काचेच्या दिव्यांत खाली पाणी, वर तेलाचा थर आणि त्यात वात अशी रीत होती. तेल संपले की ज्योत पाण्याशी येऊन आपोआप विझायची.

आणि परकेपण म्हणाल तर एक गोष्ट आपल्याला सांगावीशी वाटते. फेजमध्ये 859 मध्ये स्थापन झालेली करावियिन मशीद आहे. तिथे स्पेनमधल्या चर्चच्या घंटा टांगलेल्या आहेत, भोवती दिव्यांची कडी बसवून त्यांची झुंबरे केली आहेत. लढाईत मिळालेल्या घंटा. हे वाचले तेव्हा मला लगेच चिमाजी अप्पांची वसई आठवली. 1739 च्या विजयानंतर पोर्तुगीज चर्चच्या घंटा आपल्याकडे आल्या आणि देवळांत टांगल्या गेल्या: भीमाशंकर, मेणवली, नाशिकचे नारोशंकर. आपण त्या घंटाच ठेवल्या, त्यांनी दिवे केले. भीमाशंकरला घंटा वाजवताना ती कुणाच्या ओतशाळेतली हे आपण विचारत नाही.

मुलांना भाग घेऊ द्या. हवे तर आपल्या घरचा लामणदिवा त्यांना द्या आणि सांगा, हा देवघरात पेटलेला राहू दे, तो माजघरात. दोन्ही एकाच चौकटीत मात्र टांगू देऊ नका, उघड्या ज्योतीपुढे जाळीची नक्षी फिकी पडते.

ताई, आमचे घर समुद्रापासून दोनशे पावलांवर. पितळी दिवा आमसुलाने घासून लखलखीत केला की महिन्याभरात काळा, आणि भोकांच्या कडेने हिरवा. काय करू? – एक वाचक, वेंगुर्ले

आमसूल बरोबर आहे, चूक पुढची आहे. आमसुलातल्या आंबटाने काळपट थर विरघळतो, पण तो आंबट भोकांच्या कडेला राहिला आणि त्यावर खारी हवा बसली की तिथेच हिरवे धरते. घासून झाल्यावर गोड्या पाण्याने दोनतीनदा धुवा, विहिरीचे पाणी मचूळ असेल तर पावसाचे साठवलेले वापरा. मग फडक्याने नव्हे, उन्हात पालथा ठेवून वाळवा, कारण फडके भोकात पोचत नाही. पूर्ण वाळल्यावर मेणाचा पातळ हात द्या. मेण कोमट करून जुन्या दात घासायच्या ब्रशने लावले की कडांपर्यंत जाते. स्क्रू लोखंडी असतील तर ते आधी बदला. पितळेला लागून असलेले लोखंड खाऱ्या हवेत फार लवकर गंजते आणि गंजाचे ओघळ दिव्यावर उतरतात. पितळी स्क्रू मिळतात.

आणि दर महिन्याला लखलखीत करायचा अट्टहास सोडा. थोडा काळवंडलेला दिवा पेटल्यावर जास्त चांगला दिसतो, अंग मागे राहते आणि भोकेच पुढे येतात. फक्त हिरवे धरू देऊ नका. पावसाळ्याआधी काढून, कोरड्या सुती कापडात गुंडाळून कपाटात ठेवलात तर उत्तम. ठेवण्यापूर्वी आतून एकदा बघा, कुंभारमाशी अशा दिव्यांत मातीची घरे करते आणि ती माती ओल धरते.

दिवा किती उंचीवर टांगावा? आणि वायरिंगचे काय बघावे? – एक वाचक, गुहागर

खालून माणसे ये-जा करणार असतील तर दिव्याचे बूड जमिनीपासून साडेसहा फुटांच्या खाली नको. झोपाळ्याच्या झोक्याच्या वाटेत तर मुळीच नको. कोपऱ्यात, खाली बैठक असेल तर साडेचार-पाच फुटांपर्यंत आणा, डोळ्यांच्या पातळीवर नक्षी सुंदर पडते.

दिवा धातूचा आहे, म्हणून तीन तारांची वायर घ्या आणि तिसरी, अर्थिंगची, दिव्याच्या अंगाला पक्की जोडून घ्या. बरेच हाताने केलेले दिवे दोन तारांवर येतात, ते तसेच लावू नका. आपल्याकडे पावसात भिंतींना ओल येते, तेव्हा घराला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच, असल्याची वायरमनकडून खात्री करून घ्या. वायर ज्या भोकातून आत जाते त्याची कड धारदार असते, तिथे रबराचे कडे बसवायला सांगा. दिव्याचे वजन वायरीवर टाकू नका, साखळीवर टाका आणि साखळी लाकडात खोल गेलेल्या कडीला अडकवा.

बल्ब स्वच्छ काचेचा, लहानात लहान, 2 ते 4 वॅटचा एलईडी, 2700 केल्विनचा, म्हणजे पिवळसर उजेडाचा. आतले उजळणारे अंग शक्य तितके एका ठिपक्यासारखे हवे, लांब दांड्यासारखे नको. श्रीवर्धनच्या मुलीला सांगितले ते तुम्हालाही सांगते: बल्ब घेण्याआधी मोबाइलची बॅटरी आत ठेवून बघा, आणि दुकानदाराकडचा बल्ब लावल्यावर भिंतीवर तेवढेच स्वच्छ दिसत नसेल तर तो परत करा.

स्पर्धेचे अर्ज भरण्याआधी ज्यांना माझे मत हवे असेल त्यांनी दोन फोटो पाठवावेत: एक दिवा बंद असताना आतल्या बाजूचा, आणि एक दिवा पेटल्यावर फक्त भिंतीचा.